दोन टाळ्यांची जागा

मंगळवार, ११ एप्रिल १९६७

रक्तदाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी ही वही करायला लावली. दिवसभरात काय काय खाल्लं ते प्रामाणिकपणे लिहायचं आणि महिन्याने त्यांना नेऊन दाखवायचं. तर लिहिते. सकाळी एक अंडं आणि मक्याचा सांजा, लोणी बेताचं. दुपारी कालची उरलेली पालेभाजी आणि त्यात डुकराच्या मांसाचा एक तुकडा. तुकडा लहान होता.

चार वाजता लॉन्झो टॉलिव्हर आला. बारा वर्षांचा होईपर्यंत हा माझ्याकडे पियानो शिकत होता. मग पियानो सोडून गिटारच्या नादी लागला, आणि आता जुन्या बर्फाच्या कारखान्यात जो स्टुडिओ निघालाय तिथे वाजवतो. रेडिओवर रात्रंदिवस लागतात ना, ती गाणी. टोपी हातात धरून दारात उभा राहिला तेव्हाच मी ओळखलं की याला काहीतरी हवंय.

त्यांचा ऑर्गनवाला शिडीवरून पडला आणि मनगट मोडून बसला. गुरुवारी रेकॉर्डिंग. मेम्फिसमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांचा काय दुष्काळ पडलाय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "एकच गाणं, मिस आयडेला. नाव कुठे येणार नाही."

सव्वीस वर्षं मी आमच्या चर्चच्या ऑर्गनवर बसतेय. आणि आमच्या चर्चचा नियम स्पष्ट आहे: जो जगासाठी वाजवतो त्याने देवासाठी वाजवायचं नाही. कळलं तर दुसऱ्या दिवशी बाकावरून उठवतील. नवरा गेल्यावर मला या बाकाशिवाय दुसरं काय आहे? मी लॉन्झोला सरळ नाही म्हटलं.

तो जाता जाता म्हणाला, की त्यांनी नवा ऑर्गन घेतलाय, कपाटाएवढ्या पेटीत फिरता भोंगा असलेला. आमच्या चर्चचा ऑर्गन दम्याच्या माणसासारखा धापा टाकतो आणि त्याच्या दोन पट्ट्या युद्धापासून मुक्या आहेत. मी म्हटलं, नुसता बघायला यायला काय हरकत आहे.

रात्री पीचच्या पायची एक फोड. (दुसरी फोड पातळ होती, ती धरत नाही.)

गुरुवार, १३ एप्रिल

जाळीची टोपी घालून निघाले आणि कोपऱ्यावरच डीकन पेटवे गाडी घेऊन उभे. हे चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या डीकन मंडळाचे प्रमुख. बायको जाऊन तीन वर्षं झाली. हल्ली दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून माझ्याकडे डोकावतात. कधी कुंपण बघायला, कधी कौलं बघायला. माझ्यावर पाळत आहे, दुसरं काही नाही. "सिस्टर राउंट्री, कुठे सोडू?" म्हणाले. मी दाताच्या डॉक्टरांकडे म्हणून सांगितलं, तर त्यांनी खरोखरच तिथे नेऊन सोडलं. मग तिथून सहा गल्ल्या चालत मागे आले. खोटं बोलणाऱ्याच्या टाचा दुखतात हे मला आज कळलं.

स्टुडिओत चौघे होते, दोन गोरे, दोन आपले काळे. एकजण डब्यातून मासे खात होता. मी नोटेशनचा कागद मागितला. इथे कागद नसतोच. गाणारा गातो आणि बाकीचे चाचपडत चाचपडत त्याच्याबरोबर जातात. लॉन्झो बोटं दाखवून सांगतो आता चौथ्या सुरावर जा, आता पाचव्यावर. अशाने काय गाणं होणार, असं मनात म्हणत मी बसले, आणि आतल्या खोलीतून गाणारी बाहेर आली.

कोरीन. लॉन्झोची धाकटी बहीण. त्या लबाडाने नावसुद्धा काढलं नव्हतं.

अकरा वर्षांनी बघितलं मी तिला. मी शिकवलेल्या मुलांत असा गळा दुसरा नव्हता. सोळाव्या वर्षी एका शनिवारी क्लबात गायली, कोणीतरी बघितलं, आणि चर्चची सभा भरली. क्वायरमधून, म्हणजे चर्चच्या गायकांतून काढलं, नव्वद दिवस दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची शिक्षा दिली. त्या बाकावरच्या माणसाशी कोणी बोलत नाही. शिक्षा पुरी न करताच ती शिकागोला निघून गेली आणि चर्चच्या वहीतून तिचं नाव कापलं गेलं.

"तुमची पाठ अजून ताठच आहे, मिस आयडेला," एवढंच म्हणाली.

गाणं एका बाईचं आहे. नवरा सोडून चाललाय आणि ती म्हणते जायचं तर जा, पण दार ओढून घे, मला थंडी वाजते. पहिल्या तीन वेळा माझ्यामुळे बिघडलं. शेवटी ड्रमवाला फार अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही वेळेवर येताय. जरा उशिरा या." चोपन्न वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा कोरीन म्हणाली, "समजा, रेव्हरंड घाम पुसतायत."

आमचे रेव्हरंड प्रवचनात रंगात आले की थांबून रुमाल काढतात. त्या वेळी मीही हात उचलते, सगळ्या चर्चला श्वास घेऊ देते, आणि मग तीन सूर चढवत पुन्हा आत येते. मी तेच केलं. मी हात उचलल्याबरोबर सगळे थांबले. त्या मोकळ्या जागेत कोरीनने दोन टाळ्या वाजवल्या, आणि मग मी माझे तीन सूर घेऊन आत गेले. मासे खाणाऱ्याने डबा खाली ठेवला. पुढच्याच वेळेला रेकॉर्ड झालं.

तो ऑर्गन! पायापासून केसांपर्यंत माणूस हलतो. आनंद झाला, हे कबूल करते.

नंतर मागच्या दारापाशी आम्ही दोघी सोडा पीत बसलो. ती समोर बघत म्हणाली, "मिस आयडेला, त्या सभेत माझ्याविरुद्ध हात कोणी कोणी वर केले?"

मी म्हटलं, "सगळ्यांनीच, बाळ. मी एकटी काय करणार होते?"

तिने मान हलवली आणि बाटली संपवली.

ठराव मीच मांडला होता. लिहायला काय, ही वही डॉक्टरांना मी आता दाखवणार नाही आहे. पोरीला धाक बसेल आणि ती जागेवर येईल, असं मला अगदी खरं वाटलं होतं. ती सभेत नव्हती. ज्याचा निवाडा असतो त्याने दार लावून बाहेर पायरीवर थांबायचं ही आमची रीत. तेव्हा तिला माहीत असायचं कारण नाही आणि आता सांगून कोणाचं भलं व्हायचंय?

आज दिवसभर काही खाल्लं नाही. सोडा एक.

रविवार, १६ एप्रिल

चर्चचा ऑर्गन नेहमीसारखा धापा टाकत होता. आज त्याचा पहिल्यांदाच राग आला. बाहेर पडताना डीकन पेटवेंनी दाताची चौकशी केली. कुठला दात, वरचा की खालचा? मी म्हटलं वरचा. "गुरुवारी खालचा जबडा धरला होता तुम्ही," म्हणाले. काय माणूस आहे. पोलिसात असायला हवा होता.

शनिवार, २७ मे

केस सरळ करायला पार्लरमध्ये बसले होते. मानेपाशी तापलेला कंगवा आणि रेडिओवर एकदम मी.

कोरीन आधी, अर्थात. पण मागून मी. ते तीन सूर आले आणि माझी मान हलली, कान भाजला. पार्लरवाली म्हणाली, हे पाहा, असल्या गाण्यांनी आपली मुलं बिघडली. तोंडाने हे चाललेलं, आणि त्या दोन टाळ्या पुन्हा आल्या तेव्हा तिने कंगवा खुर्चीच्या दांड्यावर दोनदा आपटला. मी आरशात बघितलं, तिला स्वतःला पत्ता नव्हता.

रेकॉर्डवर नाव फक्त कोरीनचं आहे. लॉन्झोने शब्द पाळला. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, दोन्ही.

मंगळवार, ६ जून

गाणं जिकडेतिकडे झालंय. न्हाव्याच्या दुकानात, आइसक्रीमच्या गाडीवर, कोणाच्या ना कोणाच्या खिडकीतून. लॉन्झो सांगून गेला की शहरात चौथ्या नंबरावर आहे. रेव्हरंडनी बायबलच्या वर्गात त्यावर पाऊण तास तोफ डागली. शब्द मात्र सगळे पाठ होते त्यांना.

संध्याकाळी डीकन पेटवे टोमॅटो घेऊन आले. त्यांनी गाडी बंद करायच्या आधी आतून तेच गाणं जोरात ऐकू आलं. रेडिओचं बटण अडकलंय, आपोआप लागतं, म्हणाले. पायरीवर बसून माझा आइस्ड टी प्यायले. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यात ऑर्गन वाजवणारा कोण असेल हो?"

मी म्हटलं, असेल एखादा दारुडा.

"छे. बाई आहे," ते म्हणाले. "हात धुऊन वाजवल्यासारखं वाटतं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. म्हणजे याला संशय आहे. मला बोलतं करायला बघतोय. मी टोमॅटो घेतले आणि आत जाऊन दार लावलं. टोमॅटो चांगले आहेत. दोन मीठ न लावता खाल्ले.

रविवार, १८ जून

संपलं सगळं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उकाडा भयंकर होता. सगळ्या बायकांचे पंखे हलत होते आणि रेव्हरंड बायबलमधल्या योनावर बोलत होते. माशाच्या पोटात तीन दिवस पडलेल्या माणसाला काय वाटलं असेल, असं विचारून त्यांनी रुमाल काढला. मी हात उचलले. सव्वीस वर्षं उचलतेय तसेच. चर्चने श्वास घेतला.

आणि त्या मोकळ्या जागेत सगळ्या चर्चने दोन टाळ्या वाजवल्या.

दोनशे माणसं असतील. पांढऱ्या कपड्यांतल्या, मानाने मदर म्हणवल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका, हातमोजे घातलेले दारावरचे लोक, क्वायर, सगळ्यांनी. एकही टाळी मागेपुढे नाही. आमच्या चर्चमध्ये या जागी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती. सगळ्यात मोठी डीकन पेटवेंची. आणि माझे हात, जळले मेले, थांबलेच नाहीत. तीन सूर घेऊन आत गेले, आणि तिसऱ्याला तो रेकॉर्डवरचा हेलकावासुद्धा दिला.

आपण काय केलं ते प्रत्येकाला कळलं. आणि मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, कारण मी काय केलं तेही त्यांना कळलं. रेव्हरंडच्या हातात रुमाल तसाच. योना बिचारा माशाच्या पोटातच राहिला.

बुधवारी सभा आहे. मी पायरीवर थांबायचंय.

बुधवार, २१ जून

सात वाजता गेले. ऊन अजून होतं. नवी टोपी घातली होती, उठवतील तर निदान नीट दिसावं म्हणून. रेव्हरंडनी बाहेर येऊन माझा हात दाबला, आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी पायरीवर बसले. आणि आतून रेव्हरंडचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

दाराच्या वर हवेसाठी एक झडप आहे. उन्हाळ्यात ती उघडी असते. सव्वीस वर्षं मी आतल्या बाजूला बसलेय, वर कधी बघितलं नव्हतं. आत खाकरलेलंसुद्धा बाहेर ऐकू येतं.

रेव्हरंड चर्चची जुनी वही वाचत होते. एकोणीसशे छप्पन्न, जुलै महिना, ठराव मांडणाऱ्या सिस्टर आयडेला राउंट्री. हशा झाला. मग डीकन पेटवे उठले. म्हणाले, चूक सिस्टर राउंट्रींची नाही, हात सवयीने गेले; आणि तसं बघितलं तर ते सूर आधी आमच्याच चर्चचे आहेत, रेडिओवाल्यांनी नेले, तेव्हा शिक्षा करायची तर रेडिओला करा. पुन्हा हशा. कोणीतरी विचारलं, आणि आपण टाळ्या वाजवल्या त्याचं काय? त्यावर रेव्हरंडनी विषय बदलला. ठरलं की आयडेलाला माफ करायचं.

मला उठून नाचावंसं वाटायला हवं होतं. मी त्या झडपेकडेच बघत बसले.

जुलै महिना होता तो. झडप उघडी असणार. आणि मी आत काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवतंय, कारण मला ते तेव्हा फार छान जमल्यासारखं वाटलं होतं. "या पोरीच्या गळ्यात देव नाही," मी म्हणाले होते. "हिला नुसती मिरवायची हौस आहे." आणि सोळा वर्षांची पोर इथे, या पायरीवर बसून होती. माझ्यासाठी आत कोणी हसलं तरी. तिच्यासाठी कोणी हसलंसुद्धा नव्हतं.

सोडा पिताना तिने मला विचारलं ते माहीत करून घ्यायला नव्हतं. तिला माहीत होतं. आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले.

दार उघडलं. सगळे हसत होते, डीकन पेटवे तर उभेच होते. मी म्हटलं, मला माफी नको. कोरीन टॉलिव्हरला दिली तीच शिक्षा मला द्या, नव्वद दिवस, शेवटचा बाक. आणि तिचं नाव वहीत परत लिहा. नाही लिहिलं तर मी एक्याण्णवाव्या दिवशीही ऑर्गनवर बसणार नाही.

डीकन पेटवेंनी आधी विरोध केला, मग माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. मग एकेकाने केला. नाव आजच लिहिलं. रेव्हरंडची शाई सुकेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

गुरुवार, २२ जून

लपूनछपून न जाता बर्फाच्या कारखान्यात पुढच्या दाराने गेले. कोरीन गाण्याच्या दौऱ्यावर निघायच्या तयारीत होती, ट्रंकेवर बसून पोशाखाला टिकल्या-मणी शिवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"ठराव माझा होता. हात मी सगळ्यात आधी वर केला. आणि त्या दिवशी सोडा पिताना तुझ्याशी खोटं बोलले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पायरीवर सगळं ऐकू येतं."

"मग मला इथे बोलावू कसं दिलंस?"

"लॉन्झोने नाही बोलावलं तुम्हाला. मी बोलावलं." तिने दोरा दाताने तोडला. "त्या गाण्यात थांबायचं कसं ते तुमच्याशिवाय कोणाला येत नव्हतं. आणि म्हटलं, विचारून तर बघू, खरं सांगतात का."

मी रडले. मी चारचौघांत रडत नाही, पण रडले. तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. रडणं संपेपर्यंत तिने सात-आठ मणी शिवले.

मग विचारलं, "नव्वद दिवसांत रविवार किती येतात?"

"तेरा."

"मी अकराच बसले होते," कोरीन म्हणाली. "दौरा सुरू व्हायला दोन आठवडे आहेत. जागा धरून ठेवा."

रविवार, २५ जून

सकाळी एक अंडं. दुसरं जाईना.

शेवटचा बाक दाराशेजारी आहे आणि एका पायाने लंगडा. तिथून रेव्हरंडचं डोकंच दिसतं. माझ्याशी रीतीप्रमाणे कोणी बोललं नाही. फक्त डीकन पेटवे येऊन माझ्या डाव्या हाताला बसले. शिक्षा झालेल्यावर देखरेख ठेवायला कोणीतरी हवं, म्हणाले, आणि हे ते तेराही रविवार जातीने करणार आहेत. कोलोन लावून आले होते. देखरेखीला कोलोन कशाला लागतं कोण जाणे.

ऑर्गन बंद होता. जुन्या पद्धतीने रेव्हरंड एक ओळ म्हणायचे आणि लोक ती ओढत ओढत मागून म्हणायचे. दुसऱ्या भजनाच्या वेळी दार उघडलं. मी बघितलं नाही. माझ्या उजव्या हाताला बाक खाली गेला, साधा निळा झगा दिसला, टिकली-मणी काही नाही. पुढच्या बाकांवरून एकेक टोपी वळायला लागली.

कोरीन गात होती, पण इतकं हळू की मला शेजारी बसून जेमतेम ऐकू येत होतं. अकरा वर्षांपूर्वी या बाकावर बसून ती अशीच गायली असणार. मी तिला कोपर मारलं.

"मोठ्याने म्हण," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, उभी राहिली आणि गायला लागली.